उरलेले बोल्ट

उद्यमबागेत पॅटर्न करतो मी, फाउंड्रीसाठी, लाकडाचे.
ओतलेलं लोखंड गार होताना किती आखडतं
ते माझ्या बोटांना पाठ आहे.
म्हणून वाटलं, जोंगा ती काय,
चार चाकं आणि एक हट्ट.

लष्कराच्या लिलावातनं सुटलेली,
मग खानापुरात एका सॉ-मिलवाल्याकडं
ओंडके ओढून कंबर मोडलेली,
शेवटी गणेशपूरला भंगारात, बाभळीखाली.
बोनेटमध्ये सरड्याचं बिऱ्हाड.
मेव्हण्यानं, मधू हुंदरेनं, निम्मे पैसे घातले.
बायको म्हणाली, ह्यात बसून मी माहेरी जायची नाही.

पहिल्या रविवारी सगळी खोलली.
फोटो काढायचं सुचलं नाही.
बोल्ट सगळे एकाच डब्यात, डिझेलमध्ये,
लांब, आखूड, इंजिनाचे, सीटचे.
"लक्षात राहतंय की," मधू म्हणाला.
राहिलं ते त्याचं हे वाक्य.

दुसऱ्या रविवारी ग्राइंडर.
हिरव्याखाली मातकट निघाला,
मातकटाखाली परत हिरवा, जुना, वाळल्या शेवाळागत,
आणि मागच्या फळक्याला, आतल्या अंगानं,
खिळ्यानं कोरलेलं काहीतरी.
"सौ. शां" एवढं वाचलं.
हात थांबायला पाव सेकंद लागला.
चकतीला तेवढा पुरतो.
पुढची अक्षरं ठिणग्या होऊन
मधूच्या लुंगीला भोकं पाडून गेली.

त्या दिवशी जेवताना आम्ही बोललो नाही.
शांता असेल, मधू रात्री म्हणाला.
शांताक्का पण असेल.

गंजावर लांबी भरली.
लांबी म्हणजे खोटं बोलणं, फक्त गुळगुळीत.
कॅम्पातल्या रंगवाल्यानं शपथेवर दिलेला लष्करी हिरवा
वाळल्यावर पोपटी झाला.
तोही चालला असता,
पण आरटीओत साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं:
"ई बण्ण आगल्ला."
हिरवा फक्त फौजेला. साध्या माणसाला मनाई.
मग निळी केली. शाळेच्या पाण्याच्या टाकीला असतो तो निळा.

क्लचचं पेडल डाव्या कडेला झिजलेलं होतं,
बशीगत खोल.
नवीन बसवलं, रबरी नक्षीचं.
जुनं किलोवर गेलं.
मी, साचे करून पोट भरणारा माणूस,
एका पायाचा साचा अठ्ठावीस रुपयांनी विकला
आणि वर चहा पिऊन आलो.

येळ्ळूरहून हवालदार रवळू कणबरकर आले बघायला.
एकवीस वर्षं जोंगाच चालवलेली, बर्फात, वाळूत.
गाडीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागं बांधून.
"छान केलाईसा," म्हणाले,
"शोरूमातनं काढल्यागत."
आत बसले. डावा पाय खाली गेला
आणि तिथं काहीतरी शोधत राहिला,
अंधारात चप्पल शोधावी तसा.
मी रेडिएटरकडं बघत उभा राहिलो.

"निळी का?"
आरटीओचं सांगितलं.
तेव्हा पहिल्यांदा हसले, पोट धरून,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

जांबोटीच्या रस्त्याला घेतली.
पिरनवाडी मागं पडल्यावर कुठंतरी खुळखुळ सुरू झाली.
सगळं जोडून डब्यात सात बोल्ट उरलेले,
हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.
हवालदारांनी डोळे मिटले.
(गाडी तेच चालवत होते. मी देव आठवले.)
"मागं, उजवीकडं, बॉडीच्या खाली.
दोन कमी आहेत."

दोनच होते.
बसवले. खुळखुळ गेली.
त्याच्या खाली दुसरी होती, बारीक.
"ती पुढच्या बुधवारी बघूया," म्हणाले,
आणि उतरताना हातानं मागचा फळका चाचपला,
आतनं,
बरोब्बर तिथंच.
काही विचारलं नाही.

तसे बरेच बुधवार झाले.
पाच बोल्ट डब्यात आहेत.
मधू म्हणतो, टाकून दे आता.
मी डिझेल बदलतो.